खुणांची भाषा कोणी शिकवावी?



कर्णबधिरांची खुणांची भाषा शिकावी असे ऐकू येणाऱ्या माणसांना वाटू लागले आहे, ही गेल्या काही वर्षांतील स्वागतार्ह घटना आहे. परिचारिका, बँकांतील कर्मचारी, समाजकार्याचे विद्यार्थी, वकील, कर्णबधिर मुलांचे आईबाप यांच्यासाठी ठिकठिकाणी वर्ग भरतात, शनिवार-रविवारची शिबिरे होतात, आणि ज्याला घराबाहेर पडायचे नाही त्याला मोबाइलच्या पडद्यावर धडे मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचे आणि तीत अभ्याससाहित्य तयार करण्याचे जाहीर केले. २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक स्तरावर ती एक भाषाविषय म्हणून मान्य झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक कर्णबधिर वकील महिला दुभाष्याच्या साहाय्याने कामकाजात उभी राहिली. ज्या भाषेला शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या वर्गाच्या दाराबाहेर उभे केले, तिला आता आत बोलावणे सुरू झाले आहे.

भाषा आत आली. पण तिच्याबरोबर ती बोलणारा माणूस आत आला काय? ऐकू येणाऱ्यांना ही भाषा शिकवण्याचे काम कोणाच्या हाती असावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पुष्कळांना हा प्रश्नच वाटत नाही. ज्याला येते त्याने शिकवावे, असे सरळ उत्तर दिले जाते. शिक्षक ऐकू येणारा असला तर उलट सोयीचेच. तो तोंडाने समजावून सांगतो, शंका ऐकून घेतो, फळ्यावर मराठीत लिहून देतो. कर्णबधिर माणसाला शिकवायला बसवले तर त्याच्याबरोबर दुभाषी आणावा लागणार, म्हणजे दोघांचे पैसे. हा युक्तिवाद वरवर पाहता व्यवहारी आहे. परंतु इतिहासात ज्या ज्या वेळी तो जिंकला, त्या त्या वेळी कर्णबधिरांच्या हातून भाषेवरची सत्ता गेली आणि त्याबरोबर भाकरीही गेली.

ही भाषा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मराठी मूल मराठी शिकते ते घरात. कर्णबधिर मुलांपैकी दहात नऊहून अधिक मुलांचे आईबाप ऐकू येणारे असतात. त्यांना खुणांची भाषा येत नसते, घरात चारदोन घरगुती हातवाऱ्यांवर काम भागवले जाते. मूल ही भाषा शिकते ते शाळेत. तेही बहुधा वर्गात नव्हे, तर मधल्या सुट्टीत, वसतिगृहाच्या खोलीत, दिवे मालवण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात, आपल्याहून मोठ्या मुलांकडून. पुढे वयात आल्यावर कर्णबधिरांच्या क्लबात, रेल्वे फलाटावरच्या ठरलेल्या कोपऱ्यात, छापखान्यातल्या किंवा शिवणकामाच्या कारखान्यातल्या सहकाऱ्यांत ती घडत राहते. वर्गात शिक्षक मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवून ‘प’ आणि ‘ब’ यांच्या कंपनातला फरक शिकवत असता, शाळेच्या पटांगणात एक संपूर्ण भाषा शिक्षकांच्या परवानगीविना वाढत होती. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५०.७ लाख नोंदली गेली. त्यांतले सगळेच ही भाषा बोलत नाहीत. ज्यांना शाळाच मिळाली नाही अशांना ती भेटलेलीच नसते. पण ज्यांनी ती जगवली, ते सर्व कर्णबधिरच होते.

या कामगार मंडळींच्या भाषेची बाजू पहिल्यांदा छापून मांडली तीही एका कामगाराने. पॅरिसचा पियेर देलोज हा पुस्तकबांधणी करणारा आणि भिंतींना कागद लावणारा कारागीर. लहानपणी देवीच्या आजारात त्याचे ऐकणे गेले. खुणांची भाषा तो शिकला तारुण्यात, एका इटालियन नटाच्या घरच्या निरक्षर कर्णबधिर नोकराकडून. त्या भाषेत विचार व्यक्त होऊ शकत नाही असे एका धर्मगुरूने लिहिले, तेव्हा १७७९ साली देलोजने उत्तरादाखल पुस्तक प्रसिद्ध केले. पॅरिसचे कर्णबधिर एकमेकांत सर्व विषयांवर बोलतात आणि ही भाषा त्यांना कोणा पंडिताने शिकवलेली नाही, असा त्याचा दावा होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहा वर्षे आधी एक बांधणीकार विद्वानांना भाषाशास्त्र शिकवीत होता, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याच काळात पॅरिसमध्ये आबे द लेपे याने कर्णबधिरांसाठी शाळा चालवली होती. त्याचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. गरीब कर्णबधिर मुलांना त्याने फुकट शिकवले, त्यांच्या खुणांना मान दिला. पण त्यालाही एक मोह आवरला नाही. मुलांच्या खुणा त्याला व्याकरणाविना वाटल्या, म्हणून फ्रेंचमधील लिंग, काळ, प्रत्यय यांच्यासाठी त्याने स्वतः खुणा रचल्या आणि फ्रेंचच्या क्रमाने त्या मुलांवर लादल्या. परिणाम असा झाला की मुले हातांवरून शुद्ध फ्रेंच उतरवून घेत, पण स्वतःचे एक वाक्य स्वतः रचणे त्यांना कठीण जाई. आणि गुरुजींची पाठ फिरली की ती आपल्याच भाषेत बोलत. ही चूक ओळखणारा बेबियाँ हाही ऐकू येणारा होता. मात्र तो ही भाषा शिकला शाळेतल्या कर्णबधिरांत मिसळून, त्यांतही लोराँ क्लेर याच्या सहवासात. १८१७ मध्ये त्याने लिहिले की मुलांना त्यांच्याच खुणांतून शिकवा. काही वर्षांतच शाळेतून त्याला बाहेर पडावे लागले.

क्लेरचे नाव आले आहे तर त्याची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ‘ऐकू येणाऱ्याने कोणाकडून शिकावे’ याचे त्याहून स्वच्छ उदाहरण नाही. १८१५ साली टॉमस गॅलॉडेट नावाचा तरुण धर्मोपदेशक अमेरिकेतून युरोपात आला. कर्णबधिरांना शिकवण्याची विद्या त्याला घरी न्यायची होती. ब्रिटनमध्ये ती विद्या ब्रेडवुड घराण्याच्या ताब्यात होती, आणि ती त्यांनी धंद्याचे गुपित म्हणून जपली होती; दीर्घकाळ सेवा आणि गुप्ततेचे बंधन अशा अटी घातल्या गेल्या. ज्ञान कुलपात ठेवले की त्याचे काय होते, हे निराळे सांगायला नको. सुदैवाने पॅरिसच्या शाळेचा प्रमुख सिकार तेव्हा झाँ मास्यू आणि लोराँ क्लेर या आपल्या दोन कर्णबधिर शिक्षकांसह लंडनमध्ये प्रात्यक्षिके करीत होता. त्याने गॅलॉडेटला पॅरिसला बोलावले. तेथे ऐकू येणाऱ्या पदवीधराने दोन कर्णबधिर शिक्षकांपुढे विद्यार्थी म्हणून बसून धडे घेतले. १८१६ च्या उन्हाळ्यात क्लेर त्याच्याबरोबर अमेरिकेला निघाला. जहाजाचा प्रवास ५२ दिवसांचा झाला. त्या दिवसांत क्लेरने गॅलॉडेटला खुणा शिकवल्या आणि गॅलॉडेटने क्लेरला इंग्रजी. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डला शाळा उघडली. या शाळेत तयार झालेले कर्णबधिर पुढे इतर राज्यांत शिक्षक झाले, आणि १८७० च्या आसपास अमेरिकेतील कर्णबधिर शाळांत सुमारे ४० टक्के शिक्षक स्वतः कर्णबधिर होते.

मग १८८० साली इटलीत मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधींपैकी कर्णबधिर होता एक. अमेरिकेहून आलेला जेम्स डेनिसन. या सभेने खुणांपेक्षा तोंडी बोलणे निर्विवाद श्रेष्ठ असल्याचा ठराव प्रचंड बहुमताने केला. ज्यांची भाषा, त्यांचे मत एक! पुढच्या चार दशकांत शाळांतून खुणा हद्दपार झाल्या, आणि बोलणे शिकवू न शकणारा शिक्षक निरुपयोगी ठरल्यामुळे कर्णबधिर शिक्षकही हद्दपार झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत त्यांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. ठराव शिक्षणपद्धतीविषयी होता. त्याने नोकऱ्या मात्र एका वर्गाकडून काढून दुसऱ्याला दिल्या. कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयीच्या त्याच परंपरेतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. मध्ये १३० वर्षे गेली होती.

हिंदुस्थानातील कर्णबधिर शाळांचा आरंभही याच काळातला. मुंबईची शाळा १८८० च्या दशकात निघाली, कोलकात्याची १८९३ मध्ये. मिलानचे वारे इथवर आले आणि तोंडी पद्धत हेच शास्त्र ठरले. येथील खुणांचा पहिला पद्धतशीर अभ्यास झाला तो १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यात अमेरिकन संशोधकांबरोबर मदन वसिष्ठ हे होते, जे स्वतः अकराव्या वर्षी बहिरे झाले आणि १९६७ मध्ये भारतातून वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयात शिकायला गेले होते. दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि कोलकाता या शहरांतल्या खुणांची पुस्तके १९८० च्या दशकात निघाली. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २००१ च्या सुमारास या भाषेचे रीतसर वर्ग सुरू झाले आणि कर्णबधिर व्यक्तींना शिक्षक म्हणून घडवण्याचे काम तेथे झाले. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०११ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात सुरू झाले, मध्येच थांबले, कर्णबधिरांनी त्यासाठी आवाज उठवला, आणि २०१५ मध्ये ते स्वतंत्र संस्था म्हणून उभे राहिले. तेथे दोन पदविका आहेत: दुभाषी होण्याची ऐकू येणाऱ्यांसाठी, आणि ही भाषा शिकवण्याची कर्णबधिरांसाठी. म्हणजे कोणी शिकवावे, याचे उत्तर सरकारी अभ्यासक्रमात एकदा दिले गेलेले आहे. ते बाजारात पाळले जात नाही, एवढेच.

बाजारात काय चालते? एखादा उत्साही तरुण तीन महिन्यांचा वर्ग करतो, पाचशे खुणा पाठ करतो आणि चौथ्या महिन्यात स्वतःचा वर्ग काढतो. त्याची तळमळ खोटी नसते. पण तो शिकवतो काय, हे पाहण्यासारखे असते. तो मराठी वाक्य घेतो आणि शब्दाला शब्द लावून हातांवर मांडतो. लेपेने दोन शतकांपूर्वी जे केले तेच, फक्त लेपेची विद्वत्ता वजा करून. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण तिचे स्वतःचे आहे. तिच्यात प्रश्नवाचक खूण वाक्याच्या अखेरीस येते. हो-नाहीचा प्रश्न भुवयांनी आणि डोक्याच्या कलाने होतो. ‘देणे’ ही खूण ज्याच्याकडून ज्याच्याकडे जाते त्या दिशेने हात सरकतो, आणि कर्ता-कर्म त्या दिशेतच सामावलेले असतात. भुवई उचलली नाही तर प्रश्नाचे विधान होते. ऐकू येणाऱ्या माणसाला चारचौघांत चेहरा हलवण्याची लाज वाटते. त्याचा ऐकू येणारा शिक्षकही ही लाज ओळखून असतो आणि चेहऱ्याचा धडा पुढे ढकलतो. कर्णबधिर शिक्षक तो ढकलत नाही, कारण त्याच्या लेखी चेहरा कोरा असलेला माणूस बोललेलाच नसतो.

शिवाय भाषेबरोबर शिष्टाचार येतो. बोलताना नजर दुसरीकडे वळवणे हा येथे अपमान आहे. हाक मारायची तर खांद्यावर हलका हात ठेवायचा किंवा खोलीतला दिवा उघडझाप करायचा. दोघांच्या संभाषणामधून जावे लागले तर क्षणभरही न थांबता निघून जायचे. माणसाची नामखूण समाज देतो, ती आपली आपण ठरवायची नसते. या गोष्टी पुस्तकात लिहिता येतात, पण त्या अंगी बाणतात चूक झाल्यावर समोरच्याच्या कपाळावर पडलेल्या आठीने, आणि ती आठी कर्णबधिर शिक्षकाच्याच कपाळावर खरी असते.

तोंडाने समजावून सांगण्याच्या सोयीविषयीही येथेच बोलले पाहिजे. ती सोय विद्यार्थ्याला वाटते. भाषेला ती मारक आहे. ज्या वर्गात तोंड चालू असते तेथे कान काम करतो आणि डोळा विश्रांती घेतो. ज्या वर्गात शिक्षकाला ऐकूच येत नाही, तेथे विद्यार्थ्याचा आवाज पहिल्या दिवसापासून निरुपयोगी होतो आणि बोटाने दाखवून, अभिनय करून, चुकून, हसून तो बोलू लागतो. पहिल्या तासाला दुभाषी असावा, वर्गाची रीत समजावून द्यावी आणि मग त्याने निघून जावे. खर्च दुप्पट होण्याचा हिशेब त्यामुळे बहुतांशी कोसळतो. आयुष्यात एकदा तरी ऐकू येणाऱ्या माणसाने आपण भाषेवाचून अडलो आहोत असा तास काढावा. खिडकीपलीकडच्या कारकुनापुढे उभ्या असलेल्या कर्णबधिर माणसाचा तो रोजचा अनुभव आहे.

आता आक्षेपांचा विचार. पहिला आक्षेप वजनदार आहे: माणूस कर्णबधिर आहे म्हणून तो शिक्षक होत नाही. मराठी बोलणारा प्रत्येक जण मराठी शिकवू शकत नाही, तसेच हे. आक्षेप मान्य करावा लागतो. आपल्या भाषेत आपण काय करतो हे स्वतः पाहणे, धड्यांचा क्रम लावणे, चुका दुरुस्त करणे हे शिकावे लागते. त्यासाठीच पदविका आहे. परंतु हा आक्षेप घेणारे लोक ऐकू येणाऱ्या शिक्षकाची पात्रता कधी तपासत नाहीत. बी.एड. झालेला, कर्णबधिर शाळेत वीस वर्षे नोकरी केलेला माणूस खुणांच्या भाषेचा जाणकार समजला जातो. त्या वीस वर्षांत त्याने मुलांना खुणा करण्यापासून परावृत्त केले असेल, ही शक्यता कोणी लक्षात घेत नाही.

आणि प्रमाणपत्राच्या अटीत एक क्रूर विसंगती आहे. ज्या शाळांनी मुलांची भाषा नाकारली त्याच शाळांतून मुले अर्धवट शिकून बाहेर पडली; दहावी-बारावी होणे त्यांपैकी पुष्कळांना जमले नाही. तीच माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि या भाषेची सर्वांत समृद्ध भांडारे आहेत. त्यांना सांगितले जाते, तुम्ही शालेय परीक्षा उत्तीर्ण नाही, तुम्ही शिकवण्यास पात्र नाही. आधी पायऱ्या काढून घ्यायच्या आणि मग वर का आला नाहीस म्हणून विचारायचे, ही रीत या देशातील बहुजनांना नवी नाही. अशा ज्येष्ठांसाठी अनुभवाच्या आधारे मान्यतेची सोय हवी, आणि ती मागणी संघटित रीतीने केली पाहिजे.

दुसरा आक्षेप संख्येचा: प्रशिक्षित कर्णबधिर शिक्षक आहेत कोठे? ते कमी आहेत हे खरे. पण ते घडवावे लागतात. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात हीच अडचण होती. तेथील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८५ मध्ये डरहॅम विद्यापीठाच्या साहाय्याने कर्णबधिरांनाच भाषेचे शिक्षक म्हणून तयार करण्याचा उपक्रम सुरू केला. मुंबईतही हे घडून दिसलेले आहे. शिक्षक मिळत नाही म्हणून ऐकू येणाऱ्याला नेमत राहिले, तर तो कधीच मिळणार नाही.

तिसरा प्रश्न ऐकू येणाऱ्या जाणकारांचा. त्यांना हाकलून द्यावे काय? मुळीच नाही. कर्णबधिर आईबापांची ऐकू येणारी मुले ही भाषा घरीच शिकलेली असतात. अनुभवी दुभाषी आहेत, भाषाशास्त्रज्ञ आहेत. दुभाषेगिरीचे तंत्र शिकवण्यात, दोन भाषांतला फरक उलगडून दाखवण्यात, पाठ्यपुस्तक लिहिण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. प्रश्न त्यांच्या उपस्थितीचा नसून स्थानाचा आहे.

हे स्थान कसे असू नये, त्याचे उदाहरण मराठीच्याच इतिहासात आहे. १८०५ साली विल्यम केरीचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. फोर्ट विल्यम महाविद्यालयात गोऱ्या अधिकाऱ्यांना मराठी शिकवण्यासाठी ते होते. केरी मराठी शिकला ते पंडित वैजनाथ यांच्याकडून, आणि त्याने प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्यही केले. पण व्याकरण केरीचे म्हणून ओळखले गेले, प्राध्यापक केरी, आणि वैजनाथ हाताखालचे पंडित. भाषा ज्याची तो मदतनीस आणि शिकलेला तो आचार्य! उलट उदाहरण आहे विल्यम स्टोकी यांचे. गॅलॉडेट महाविद्यालयातील या ऐकू येणाऱ्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना असल्याचे दाखवून दिले. १९६५ मध्ये त्या भाषेचा कोश निघाला तेव्हा डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांची नावे लेखक म्हणून त्यांच्या नावाबरोबर छापली गेली. भारतात आज सांकेतिक भाषेचे जे वर्ग चालतात त्यांतील किती वर्गांत कर्णबधिर माणूस ‘खुणा दाखवण्यासाठी’ उभा असतो आणि किती वर्गांत तो वर्ग चालवतो, हे प्रत्येकाने आपल्या गावात जाऊन पाहावे.

तेथेच पैशाचाही हिशेब पाहावा. खुणा दाखवणाऱ्याला बहुधा ‘मानधन’ मिळते, कधी प्रवासखर्च, कधी नुसता पुष्पगुच्छ. वर्गाची फी मात्र विद्यार्थ्यांकडून रोख घेतलेली असते. मानधन हा शब्द फार सभ्य आहे. मजुरी ठरवण्याची वेळ आली की तो पुढे येतो. कर्णबधिरांना रोजगार किती थोड्या दारांतून मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. ऐकू येणाऱ्यांना आपली भाषा शिकवणे हा असा एक व्यवसाय आहे की ज्यात त्यांची कर्णबधिरता ही उणीव न राहता पात्रता होते. तेवढेही दार दुसऱ्याने अडवले तर त्याला सेवा म्हणणे कठीण आहे.

भाषा कोणी शिकवली यावर पुढे माणसांचे भवितव्य लोंबकळते. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने अत्याचारपीडित अपंग व्यक्तीचा जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या साहाय्याने घेण्याची आणि त्याचे चित्रीकरण करण्याची तरतूद केली. तरतूद उत्तम. पण पोलीस ठाण्यात येऊन बसणारा तो दुभाषी कोणाकडून शिकला? भुवयांचा धडा त्याने घेतला होता काय? ‘त्याने मला ढकलले’ आणि ‘मी त्याला ढकलले’ यांतला फरक हाताच्या दिशेत असतो. तो ज्याला दिसत नाही त्याच्या हाती एका मुलीचा जबाब आहे.

दुभाषी चांगला की वाईट हे ऐकू येणाऱ्यांना ओळखता येत नाही, हे जगाने १० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्गला पाहिले. नेल्सन मंडेलांच्या स्मृतिसभेत व्यासपीठावर राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी उभा राहून एक माणूस तासन्‌तास अर्थशून्य हातवारे करीत होता. समोर हजारो लोक, दूरदर्शनपुढे कोट्यवधी. कोणाला काही खटकले नाही. खटकले ते कर्णबधिरांना. दक्षिण आफ्रिकेच्या कर्णबधिर संघटनेने आणि तेथील कर्णबधिर महिला खासदारांनी तत्काळ निषेध केला, तेव्हा कोठे इतरांना कळले. परीक्षक कोण असावा, याचा निर्णय त्या दिवसाने दिला आहे.

कायद्याचा आधारही आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी ज्या अपंगहक्क कराराला मान्यता दिली, त्यात सांकेतिक भाषेत पात्र असलेले, स्वतः अपंग असलेले शिक्षक नेमण्याचे कलम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात तेच सांगितले आहे. ही कलमे मुख्यतः मुलांच्या शाळांसाठी आहेत, परंतु त्यांमागचे तत्त्व शाळेच्या फाटकाशी थांबत नाही.

आता या सभागृहातील कार्यकर्त्यांपुढचे काम. कामगार संघटनांच्या आणि पक्षाच्या कार्यालयांत खुणांच्या भाषेचा वर्ग काढावा, अशी सूचना अनेक ठिकाणांहून येते. अवश्य काढावा. मात्र आधी जिल्ह्यातील कर्णबधिरांच्या संघटनेकडे जावे, दुभाषी आपल्या खर्चाने घेऊन जावे, आणि शिक्षक कोण हे त्यांना ठरवू द्यावे. एकाच शिक्षकावर भार न टाकता एक पदविकाधारक आणि एक ज्येष्ठ, ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही पण भाषा आहे, अशी जोडी मिळाली तर उत्तम. धाकटा क्रम लावील, थोरला भाषा देईल. मोबदला तासावर ठरवावा, त्याच गावात इंग्रजीच्या खाजगी वर्गाच्या शिक्षकाला जो मिळतो त्याहून तो कमी नसावा, आणि तो कागदावर लिहावा. वर्गाची खोली उजेडाची हवी, खुर्च्या अर्धवर्तुळात, शिक्षकाच्या पाठीमागे खिडकी नको, कारण उजेड पाठीमागून आला तर त्याचा चेहरा काळा दिसतो. विद्यार्थी पंधरापेक्षा जास्त घेऊ नयेत. अपंगांच्या योजनांतील निधीतून अशा वर्गाला साहाय्य मागताना शिक्षकाच्या वेतनाची बाब वेगळी दाखवावी, म्हणजे ती इतर खर्चात विरून जाणार नाही.

वर्ग संपल्यावर परीक्षा घ्यावी. तीत लेखी प्रश्नपत्रिका नको. विद्यार्थ्याने कधी न पाहिलेल्या तीन कर्णबधिर व्यक्तींसमोर त्याला वीस मिनिटे बसवावे आणि बोलू द्यावे. त्यांना समजले की नाही हे त्या तिघांनी सांगावे. त्या तिघांच्या मोबदल्याची रक्कमही वर्गाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरलेली असावी.